इवाईबुवांची बासरी आणि माझं संतूर

माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी ऐन रंगात आली होती. आता मानपानाचा विषय निघणार, एवढ्यात मुलाचे वडील खुर्चीतून उठले, खिडकीजवळच्या दिवाणाकडे गेले आणि त्यावरच्या निळ्या खोळीकडे बोट दाखवून म्हणाले, “याच्यात काय आहे जी?”

“तिचं खूळ आहे,” माझे यजमान म्हणाले.

“संतूर आहे,” मी म्हटलं.

“संतूर? इथं? नागपुरात?” दिवाणाला मी हरीण बांधून ठेवलं असावं, असा त्यांचा चेहरा झाला. “वाजवून दाखवा नं जी.”

त्यांच्या पत्नीनं खाकरून पाहिलं. मग सरळच म्हणाल्या, “आपण कायले आलो इथं?”

पण ते तोवर दिवाणाच्या कडेवर बसलेही होते. मी खोळ काढली. घरात माझं वाजवणं मुद्दाम बसून कोणी ऐकत नसे. मी लहानसा आलाप वाजवला, चार ओळींची गत वाजवली. त्यांनी डोळे मिटले होते. संपल्यावर ते उघडून म्हणाले, “मी बासरी वाजवतो.”

“म्हणजे फुकते,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

पोहे घेऊन आलेली माझी लेक दारात उभी होती. “लग्नाचं ठरलं का?” तिनं विचारलं.

“ठरलं,” ते म्हणाले. कोणाला न विचारता, कोणाकडे न पाहता. आणि खरंच ते तसंच ठरलं. मानपानाचा विषय निघायचा राहूनच गेला.

आमच्याकडे विदर्भात व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीण. लग्न झालं तेव्हापासून ते माझे इवाईबुवा आणि मी त्यांची इहीणबाई. त्यांच्या पत्नीही माझ्या इहीणबाईच. गोंधळ नको म्हणून त्यांना मी इथं त्यांच्या गावावरून कुहीच्या इहीणबाई म्हणते. घरातही तेच म्हणते.

इवाईबुवा कुहीच्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले, तरी शिकवणं काही सुटलं नव्हतं. त्यांच्यासोबत गाडीत बसलं की वाटेतलं प्रत्येक तळं कोणत्या राजाच्या काळात खोदलं, ते ऐकावं लागे. बासरी त्यांना लहानपणी भेटली, धानाच्या बांधीवर, म्हणजे भाताच्या शेतात, पाखरं हाकताना. पुढे भजनी मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं त्यांची फुंकर नीट केली. बी.एड.साठी नागपुरात राहिले, तेव्हा एका गुरुजींकडे थोडे रागही शिकले. घरची धानाची शेती आजही आहे. ती कुहीच्या इहीणबाई पाहतात आणि इवाईबुवांना त्यात फारशी लुडबुड करू देत नाहीत.

माझं संतूर मात्र उशिराचं. माझं माहेर उमरेडचं, विणकराचं. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, वेळेआधीच निवृत्ती घेतली, आणि मग एका दुपारी सीताबर्डीला उशांचे अभ्रे घ्यायला गेले. व्हरायटी चौकाजवळ एका वाद्यांच्या दुकानात काचेमागे ते चपटं वाद्य आडवं ठेवलं होतं. इकडून तिकडे ताणलेल्या कितीतरी तारा, एकीला लागून एक. मला आमच्या घरच्या मागावरचा ताणाच दिसला. दुकानदाराला म्हटलं, “एकदा वाजवून दाखवा.” त्यानं दोन लाकडी काड्या उचलल्या, ज्यांना कलम म्हणतात, आणि तारांवरून नुसत्या फिरवल्या. अभ्रे त्या दिवशी राहिले, संतूर घरी आलं. धरमपेठेत शिकवणी लावली. पहिल्याच दिवशी गुरुजींनी माझे हात पाहिले आणि म्हणाले, “बोटं नाही, मनगट लागतं. ते तुमचं चांगलं आहे. टेलिफोनच्या डायलनं केलं असेल.”

लग्नानंतर महिनाभरात इवाईबुवांचा फोन आला. “इहीणबाई, शनिवारी येऊन राह्यलो. बासरी घेऊन.”

एप्रिलचा तो शनिवार. ते कुहीच्या बसनं आले, घामानं चिंब झाले, पण बासरी ओल्या टॉवेलमध्ये बाळासारखी गुंडाळून आणली होती. बसलो. त्यांनी षड्ज फुंकला, मी माझा वाजवला, आणि स्वयंपाकघरात डबा पडावा तसा आवाज झाला. त्यांची बासरी पांढरी तीनची, माझं संतूर पांढरी दोनमध्ये, म्हणजे एक पट्टी खाली मिळवलेलं.

“तुमचं चढवा नं थोडंसं,” ते म्हणाले.

“इवाईबुवा, शंभराच्या जवळपास तारा आहेत. हार्मोनियमची पट्टी थोडीच आहे, की बोट सरकवलं आणि झालं?”

“मंग मीच उतरतो,” ते म्हणाले. तसेच उठून बर्डीला गेले आणि लांब बासरी घेऊन आले. तिच्यावर त्यांची बोटं जेमतेम पोचायची. दोन तास करंगळी चोळत बसले, पण पट्टी जुळली.

पट्टी जुळली म्हणजे सूर जुळला असं आम्हाला वाटलं. ते काही खरं नव्हतं. नागपूरच्या उन्हाळ्यात बासरी तापते आणि तिचा सूर वर चढतो. तारा तापतात आणि खाली उतरतात. म्हणजे अकराच्या सुमारास एकमेकांना धरून असलेली आम्ही दोघं एक वाजेपर्यंत भांडलेल्या जावांसारखी दोन दिशांना गेलेली असायचो. कूलर लावला की वाळ्याचा गार ओला वारा येई आणि सगळं परत बिघडे. शिवाय कूलरच्या घरघरीत काही ऐकूच येत नसे. कूलर बंद केला की आम्ही शिजत असू. मी तारा मिळवायची छोटी हातोडी घेऊन खुंट्या फिरवत बसे, टुंग, टुंग, टुंग, तासभर. माझे यजमान शांतपणे कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि पेपर वाचत. “म्हातारपणाचा एवढा तरी उपयोग,” असं म्हणायचे.

राग वाजवून झाले. आम्हाला दोघांनाही येणारे राग काही फार नव्हते. मग इवाईबुवांना कल्पना सुचली. “इहीणबाई, आपण आपल्या इकडचं कायतरी वाजवू. या मातीचं.”

“म्हणजे काय?”

“इतिहास वाजवू.”

“इतिहास कसा वाजवायचा जी? पाऊस वाजवता येतो. नदी वाजवता येते. इतिहासाचा काय आवाज असते?”

“काहून नाही? तोफा आहेत, घोडे आहेत.”

“तुमच्या बासरीत तोफ कुठून येईन?”

“तुम्ही हाणा नं. तुमच्या हातात दोन काड्या आहेत.”

यावर आमचं खूप दिवस चाललं. मला निसर्ग हवा होता, त्यांना इतिहास. ते गंभीरपणे सांगायचे की नदीला कोणी विसरत नाही, ती समोर वाहतेच आहे; विसरतो आपण झालेलं. मी म्हणायची, झालेलं पुस्तकात आहे ना, बासरीत कशाला? शेवटी तडजोड झाली. दोन्ही करायचं. आधी नदी, मग लढाई.

लढाई कुठली हे विचारायची गरजच नव्हती. नागपूरच्या इतिहासाच्या शिक्षकाला लढाई म्हटली की एकच, सीताबर्डीची. नागपूरच्या राजाची फौज आणि इंग्रज त्या टेकडीवर भिडले, आणि राजाची फौज हरली. बर्डीवर खरेदीला जाणारे आपण सगळे त्या टेकडीच्या पायथ्याशी चपलांचा भाव करतो. वर काय झालं ते कोणाच्या ध्यानात नसतं. टेकडीवरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो. पंधरा ऑगस्टला आम्ही दोघं रांगेत उभे राहिलो. कुहीच्या इहीणबाईही आल्या होत्या. “तुमाले एकट्याले सोडलं तं तिकडंच राहान,” असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं.

वर भरपूर वारा होता. खाली मेट्रो सरकत होती, दुकानांचे पत्रे चमकत होते, कुठून तरी देशभक्तीची गाणी वर येत होती. इवाईबुवा हात पसरून सांगत होते, इकडून हे आले, तिकडून ते चढले. त्यांच्याभोवती हळूहळू अनोळखी माणसं जमली आणि त्यांचा वर्गच भरला. मी एका दगडावर बसून कान देऊन ऐकत होते, इतिहासाचा आवाज येतो का म्हणून. पोरांच्या पिपाण्या तेवढ्या ऐकू येत होत्या.

घरी येऊन आम्ही लढाई वाजवायला बसलो. “तोफ,” ते म्हणाले. मी खर्जाच्या तारांवर दोन्ही कलम एकदम आपटले. एक तार तुटली आणि माझ्या कानाजवळून सूं करत गेली. कुहीच्या इहीणबाई पहिल्यांदाच खुश झाल्या. “हा आवाज मात्र बराबर होता,” म्हणाल्या.

लढाई तिथेच अडली. मग आम्ही नदीकडे वळलो. नवरात्रात, पाऊस ओसरल्यावर, आम्ही चौघं कन्हान नदीवर गेलो. माझे यजमान गाडी चालवत होते. नदी भरून, पण शहाण्यासारखी वाहत होती. काठावर सतरंजी टाकली. बासरी आणली होती; संतूर नव्हतं आणलं, ओल चढते म्हणून. मी गुडघ्यावर बोटांनी ठेका धरून पाहत होते. पाणी काठाला लागतं तिथे एक ताल होता आणि मधल्या धारेत दुसराच. लांबून पुलावरून कोळशाची मालगाडी आली, आणि तिचा आवाज पाण्यावरून असा पसरत आला की नदीच थोडा वेळ धडधडल्यासारखी वाटली. इवाईबुवांनी बासरी ओठाला लावली आणि त्या धडधडीवर एक लांब सूर धरला. गाडी गेली, सूर राहिला. मी गुडघ्यावरची बोटं थांबवली.

“हे ठेवू,” मी म्हटलं.

“हाव. हे ठेवू.”

कुहीच्या इहीणबाई डबे उघडत होत्या. म्हणाल्या, “पन नदी एवढी घाई नाई करत जी. तुमी मघापासून जे बोटं वाजवून राह्यल्या, ते पोट्टं शाळेले चाललं असं वाटते.” मी हसले आणि लय अर्ध्यावर आणली. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि तिखट ठेचा खाऊन आम्ही परतलो. माझ्या यजमानांनी सगळा वेळ यंत्र कानात ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाले, “गाडी चांगली वाजली.”

दिवाळीच्या आत नदी तयार झाली. धरमपेठेतल्या माझ्या गुरुजींनी ती ऐकली आणि एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात आमचं नाव सुचवलं. डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी, तलावाकाठच्या बागेत. अर्धा तास वाजवायचं होतं. नदी पंधरा मिनिटांची होती. उरलेल्या वेळात लढाई वाजवायची, असं इवाईबुवांनी आयोजकांना कळवूनही टाकलं. आमची लढाई तोवर एका तुटक्या तारेपुरतीच होती.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या दोन घरांत भांडण झालं.

म्हणजे दोन घरांत नाही, दोन पोरांत. एका संध्याकाळी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली. ती फिजिओथेरपिस्ट आहे; लग्नानंतर दोघं नागपुरातच वेगळी राहायची. नुकतंच तिनं प्रतापनगरला स्वतःचं छोटं क्लिनिक उघडलं होतं. जावयाला पुण्यात मोठी नोकरी मिळाली होती.

“चांगलं आहे की,” मी म्हटलं.

“त्यानं हो म्हणून टाकलं, आई. मला विचारलं नाही. सांगितलं फक्त. जेवताना. भाजी वाढ म्हणावं तसं.”

तिनं तिच्या जुन्या खोलीत बॅग टाकली. चार-पाच दिवसांत परत जाईल असं वाटलं होतं. ती सकाळी इथूनच क्लिनिकला जाऊ लागली. जावयाचा फोन येई, ती गच्चीवर जाऊन बोले, खाली येई तेव्हा तिचं नाक लाल असे. कुहीहून फोन येणं बंद झालं. मीही केला नाही. कोणी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं, पण बोलायचं काय हाच प्रश्न होता. लेक एकदा म्हणाली, “तुझ्या त्या बासरीवाल्यांना आता बोलावू नको.”

“ते तुझे सासरे नंतर झाले,” मी म्हटलं. “माझ्या दिवाणापाशी आधी आले.”

ती चिडून आत गेली, पण जाताना मला तिचं हसू दिसलं.

कार्यक्रम जवळ आला तसा इवाईबुवांचाच फोन आला. “इहीणबाई, येऊ का नको?”

“तुमाले काय वाटते?”

“मले वाटते यावं. हिले वाटते नाई यावं. पोराले विचारलं नाही.”

“विचारत नाही कोणीच तुमच्याकडं,” माझ्या तोंडून गेलं. ते म्हणाले, “हे बराबर बोलल्या तुम्ही.” आणि शनिवारी आले.

लेकीनं दार उघडलं. सुनेसारखं पाणी आणून दिलं, वाकून नमस्कार केला, आणि अवघडून उभी राहिली. तेही अवघडले होते. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाले, “बेटा, मी सासरा म्हणून नाई आलो. रियाजाले आलो. बोलावं वाटलं तं बोल, नाई वाटलं तं नको बोलू.”

ती आत गेली. दार मात्र तिनं लावलं नाही.

आम्ही नदी वाजवली. ठीक झाली. मग लढाई काढली. आता तोफा सोडून दिल्या होत्या. एक चाल बांधली होती, ती बासरीनं म्हणायची, मग संतूरनं उत्तर द्यायचं, परत बासरी, परत संतूर. दोन फौजा. दोनदा वाजवलं, तिसऱ्यांदा वाजवलं. छान गोड वाटत होतं आणि तेच चुकत होतं.

“हे लढून नाही राहिले तुम्ही,” आतून लेकीचा आवाज आला. “पहले आप, पहले आप करून राहिले.”

इवाईबुवांनी बासरी खाली ठेवली. “मंग कसं पाहिजे?”

ती दारात आली. केस वर बांधलेले, हातात कपड्यांची घडी. “भांडणात कोणी थांबून उत्तर देते का, बाबा? दोघंही एकाच वेळी बोलतात. दोघंही खरंच बोलत असतात. आणि ऐकत कोणीच नसते.”

“मंग थांबते कोण?” त्यांनी विचारलं. अगदी हळू विचारलं. ते लढाईबद्दल विचारत होते की आणखी कशाबद्दल, ते आम्हा तिघांनाही कळत होतं.

“कोणी थांबत नाही,” ती म्हणाली. “दमतात.”

मी कलम उचलले. “तीच चाल,” मी म्हटलं. “तुम्ही तुमच्या लयीत, मी माझ्या. थांबायचं नाही.”

त्यांनी दुप्पट लयीत सुरू केलं, मी संथ. तीच चाल, तेच स्वर, पण एकमेकांवर आदळत, एकमेकांच्या मधे घुसत. ते माझ्या समेवरून पुढे धावले, मी त्यांच्या तानेच्या मधे उभी राहिले. कानाला त्रास होत होता आणि अंगावर काटा येत होता. मला घाम फुटला, त्यांची फुंकर तुटायला लागली, आणि खरंच आम्ही थांबलो नाही, दमलो. त्यांचा शेवटचा सूर श्वासापुरता उरला. माझा एक कलम नुसता तारेला टेकलेला होता.

“बापरे,” लेक म्हणाली. घडी तिच्या हातातून सुटून खाली पडली होती.

इवाईबुवा कपाळ पुसत म्हणाले, “लढाई झाली. पण लढाईनंतर काय होते, हे मी पोराईले कधी शिकवलंच नाई. धड्यात नव्हतं.” मग बासरी परत उचलून म्हणाले, “गाव तेच राहाते. काही माणसं नसतात. इहीणबाई, तीच चाल वाजवू, पण गंधार आणि धैवत काढून टाकू. जिथं ते यायचे तिथं जागा मोकळी ठेवू.”

आम्ही तसं वाजवलं. ओळखीची चाल, आणि दर थोड्या वेळानं एक रिकामी जागा. ऐकणाऱ्याचा कान तिथं आपोआप स्वर शोधायला जाई आणि रिकामा परत येई. आतल्या खोलीतून माझे यजमान बाहेर आले आणि खुर्चीत बसले. यंत्र कानातच होतं.

लेकीनं त्या दिवशी सासऱ्यांना जेवू घातलं. बोलणं साधंच झालं, क्लिनिकमध्ये कोणाचा गुडघा, कोणाची मान. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, “मी तुझी बाजू घेत नाई, त्याचीही घेत नाई. पण विचारायले पाहिजे होतं, एवढं मी त्याले सांगीन.”

कार्यक्रमाच्या सकाळी कडक थंडी होती. नागपूरची डिसेंबरची सकाळ, तलावावर धुकं, झाडाखाली खुर्च्या, लोकांच्या हातात चहाचे कप. थंडीत सगळंच उन्हाळ्याच्या उलट: तारा आखडून वर चढलेल्या, बासरी खाली बसलेली. इवाईबुवा ती स्वेटरच्या आत छातीशी धरून फिरत होते. मी पहाटे उठून तारा मिळवल्या होत्या, तिथं आल्यावर परत मिळवल्या. लेक माझ्या शेजारी बसून एकेका खुंटीकडे टॉर्च धरत होती. मधेच तिचा हात हलला. मी वर पाहिलं. फाटकातून कुहीच्या इहीणबाई येत होत्या, डोक्यावर पदर आणि वर मफलर, आणि त्यांच्या मागे जावई.

“मी नाही बोलावलं,” मी म्हटलं.

“मी बोलावलं,” लेक म्हणाली आणि टॉर्च परत खुंटीवर धरला.

नदी सुरेख झाली. लांब सुराच्या जागी कुठूनसा पाणकोंबड्यांचा आवाज आला आणि लोकांना वाटलं तो आम्हीच काढला. मग इवाईबुवांनी लढाईबद्दल दोन वाक्यं सांगायची म्हणून दहा वाक्यं सांगितली. मी कलम तारेवर हलकेच वाजवला तेव्हा थांबले. लढाई सुरू झाली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी दचकून शेजारणीचा हात धरला. आम्ही भिडलो, आदळलो, दमलो. आणि मग शांतता. ती आम्ही ठरवूनच ठेवली होती, कारण तिच्यानंतर रिकाम्या जागांची चाल यायची होती.

पण शांतता म्हणजे संपलं, असं सगळ्यांना वाटलं. जोरात टाळ्या झाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष हातात शाल आणि नारळ घेऊन भराभर मंचावर चढले. माईकवाला म्हणाला, “अतिशय सुंदर सादरीकरण...” इवाईबुवांनी माझ्याकडे पाहिलं. बासरी ओठांपाशी, डोळे गोल.

“वाजवा,” मी पुटपुटले.

त्यांनी सुरू केलं. अध्यक्ष मंचाच्या मध्यावर होते. परत जावं की पुढे यावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी शहाणपणानं आहे तिथंच उभं राहायचं ठरवलं. आमची सगळी शेवटची चाल त्यांनी शाल आणि नारळ धरून, मान खाली घालून, उभ्यानं ऐकली. समोरच्या लोकांना वाटलं ते मृतांना आदरांजली म्हणून उभे आहेत. आधी दोघं उठले, मग चार, मग सगळी बाग उभी राहिली. कप खाली ठेवलेले, मफलर काढलेले. रिकाम्या जागा आल्या की बागेत काहीच आवाज नसे. मला वाजवता वाजवता रडू येत होतं आणि हसूही येत होतं. इवाईबुवांचा चेहरा पाहायची हिंमत झाली नाही.

संपल्यावर अध्यक्षांनी नारळ दिला आणि हळूच म्हणाले, “चुकलं माझं.”

“अजिबात नाही,” इवाईबुवा म्हणाले. “तुम्हीच तं खरं सादर केलं.”

मंचावरून उतरलो तेव्हा लेक आणि जावई तलावाच्या कडेनं चालत लांब गेलेले दिसले. दोघं एकाच वेळी बोलत होते. हातवाऱ्यांवरून तेवढं कळत होतं. कुहीच्या इहीणबाई त्यांच्याकडे पाहत म्हणाल्या, “दमू दे.” आम्ही खुर्च्यांवर बसून नाश्त्याचे तर्री-पोहे खाल्ले. ते दोघं परत आले तेव्हा आमचा दुसरा चहा झाला होता. काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या वाजवण्यानं त्यांचं मिटलं असं मी कधी म्हणणार नाही. त्यांचं त्यांनी मिटवलं. जावई पुण्याला गेला, पण एका वर्षासाठी, असं कंपनीशी बोलून. क्लिनिक चालू राहिलं. लेक आपल्या घरी परत गेली. तो सुटीला आला की दोघं आधी तिथं, मग आमच्याकडे, मग कुहीला जात. वर्ष संपल्यावर तो नागपुरातच दुसरीकडे लागला. पगार जरा कमी आहे, असं तो स्वतःच हसत सांगतो.

त्यानंतरच्या हंगामात धान घरी आलं, तेव्हा कुहीच्या इहीणबाईंनी आम्हाला बोलावलं. या वेळी संतूर आणायचंच, असा हुकूम होता. अंगणात धानाची पोती लागली होती, हवेत कोंड्याची धूळ आणि नव्या तांदळाचा वास होता. खाट मधे ओढून मी तिच्यावर संतूर मांडलं. इवाईबुवा मातीच्या ओट्यावर टेकले. शेजारपाजारच्या बाया जमल्या. नदी ऐकवली, तर त्या माना डोलावत राहिल्या. लढाई काढणार, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, “बाई, तुमच्या या पेटीवर बिहावाचं गाणं येते का वं?”

“लग्नातलं ना? म्हणून दाखवा,” मी म्हटलं.

तिनं म्हटलं. थरथरता, पण पक्का आवाज. मी चाल शोधली, इवाईबुवांना ती आधीच माहीत होती. दुसऱ्या कडव्याला दोघी-तिघी मिळाल्या, तिसऱ्याला सगळं अंगण. कुहीच्या इहीणबाई पोत्यावर बसल्या होत्या; त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, आणि तो मी आजवर कधी ऐकला नव्हता. नवरदेवाच्या आईची थट्टा करायचं कडवं आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून ‘नवरीच्या आईची’ असं बदलून म्हटलं आणि सगळ्या बाया ओरडून हसल्या. बासरी केव्हाच ऐकू येईनाशी झाली होती. संतूरही. इवाईबुवा नुसतेच गाल फुगवून बोटं हलवत होते. मी कलम खाटेवर ठेवले आणि टाळ्या वाजवायला लागले.